दगडावरचं तिसरं नाव

११ सप्टेंबर १९९६, बुधवार

सकाळी इंजिनियर पोम्पिल्यू आले. दारातच बूट काढून आत आले, तेव्हाच ओळखलं की काम मोठं आहे. त्यांची दोन्ही मुलं माझ्या हाताखालून गेली, त्यामुळे वयाने मोठे असूनही मला बाईच म्हणतात.

"बाई, तीस ऑक्टोबरला चाळीस वर्षं होतात. इन्स्टिट्यूटच्या मेसच्या भिंतीवर दगड बसवतोय आम्ही. गेलेल्या तिघांची नावं. सेवेरचं तिसरं. भाषण तुम्ही करायचं, आणि कोलिवाही तुमच्याच हातचा हवा."

मी आढेवेढे न घेता हो म्हटलं. कोलिवा मी चांगला करते, उगाच नम्रता कशाला. मेलेल्यांच्या नावाने गहू शिजवून, साखर-अक्रोड घालून वाटणं इथल्या कोणत्याही बाईला येतं. पण गहू मऊ व्हावा आणि दाणा फुटू नये, हे जमणाऱ्या आम्ही दोघी-तिघीच. एक तर यंदा वारली.

सेवेर माझा मोठा भाऊ. छप्पन साली शेजारी हंगेरीत धुमश्चक्री चालू असताना इथल्या विद्यार्थ्यांनी मेसमध्ये सभा भरवली, रशियन भाषेची सक्ती नको, असं आणि तसं म्हणाले, आणि त्याच रात्री सैन्याचे ट्रक आले. तो एकवीस वर्षांचा होता, मी पंधरा. एकोणसाठ साली एक शिपाई येऊन आईला सांगून गेला की डॅन्यूबच्या मुखाजवळ, दलदलीतल्या छावणीत तो न्यूमोनियाने गेला. पुरायला प्रेत मिळालं नाही. पोम्पिल्यू त्याच सभेत होते, त्याच ट्रकमधून गेले. ते दोन वर्षांनी परत आले. आता सिनेटच्या निवडणुकीला उभे आहेत. मतदान तीन नोव्हेंबरला आहे.

१७ सप्टेंबर

भाषण लिहायला बसले. तीसेक वर्षं इतिहास शिकवला, पण हा विषय हातात आला की पेन अडतं. आधी पुस्तकात त्या दिवसाबद्दल एक अक्षर नव्हतं. एकोणनव्वद साली कम्युनिस्ट राजवट पडली, त्यानंतरच्या पुस्तकात चार ओळी आल्या. सुधारित आवृत्तीत त्यांच्या दोन झाल्या. मी चारही शिकवल्या आणि दोनही शिकवल्या. पहिल्या वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं होतं, "बाई, हे तुम्हाला आधी माहीत नव्हतं का?" मी म्हटलं, वह्या काढा.

२८ सप्टेंबर

समितीची बैठक. बँड ठरला, मंच ठरला. पूर्वी, कम्युनिस्टांच्या काळात, तेवीस ऑगस्टच्या सरकारी परेडला हाच बँड वाजायचा आणि मंच उभारणारा सुतारही हाच. तो म्हणाला, फळ्या त्याच आहेत, कापड तेवढं नवीन आणू. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही. टीव्हीवाले येऊन दगडाचं चित्रण करून गेले. तिन्ही नावं ठळक दिसली, रात्री देशभर दाखवली.

फादर वालेर नवीन आहेत. त्यांनी विचारलं, सेवेरच्या नावाने आमच्या घरी पूर्वीपासून काय काय होतं. मी सांगितलं: पहिली पाच वर्षं आई कोलिवा चर्चमध्ये न्यायची, मधोमध मेणबत्ती लावायची, फादर नाव घ्यायचे. मग एका वर्षी तिने ते बंद केलं. कोलिवा करायची, पण कुंपणावरून शेजाऱ्यापाजाऱ्यांना द्यायची. मेणबत्ती नाही, फादर नाहीत. तेव्हाच्या फादरांशी तिचं काहीतरी बिनसलं असणार, फार हट्टी बाई. एक्याऐंशी साली शेवटच्या आजारात तिने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "सेवेरसाठी मेणबत्ती लावू नकोस." अंगात ताप फार होता. मी दरवर्षी लावते.

१० ऑक्टोबर, गुरुवार

दुपारी अंगणात पिंपात कोबीचे गड्डे रचत होते. खारवणाचं पाणी घालणार, एवढ्यात फाटकाशी एक म्हातारा उभा राहिला. रबरी बूट, हातात पिशवी, पिशवीला खारवलेल्या माशांचा वास.

"लिव्हे, कुत्रा आहे का गं?"

मी कुत्रा पाळत नाही. म्हटलं, "कोण आपण?"

"सेवेर."

"कोण सेवेर?"

"दगडावरचा," तो म्हणाला.

मी फाटक उघडलं नाही. आजकाल कोणीही येतो आणि काहीही सांगतो. मी विचारलं, आमची आई चिडली की काय करायची. तो म्हणाला, "बोलणं टाकायची. आणि मग घरभर चपला आपटत फिरायची, आपल्याला कळावं म्हणून."

हे बाहेरच्या कोणाला माहीत असायचं कारण नाही. मी फाटक उघडलं. त्याने पिशवी माझ्या हातात दिली आणि उरलेली कोबी स्वतः रचली. माझ्यापेक्षा चांगली रचली.

रात्री त्याला बाहेरच्या खोलीत अंथरूण घालून दिलं आणि मधलं दार लावून घेतलं.

११ ऑक्टोबर

आज त्याने सगळं सांगितलं. सगळं म्हणजे वीस वाक्यं. छावणीत दुसरा कोणीतरी मेला आणि त्याचा मृत्यू आमच्या घरी पोचला. हा तिथेच लव्हाळे कापत होता. चौसष्ट साली सगळ्यांना सोडलं, त्यात हाही सुटला. नंतर दलदलीतल्याच एका गावात परत गेला, मासे धरले, लग्न केलं. बायको पारास्किवा गावातलं दुकान चालवते. एक मुलगा, एक नातू. दुकानातल्या टीव्हीवर त्याने स्वतःचं नाव दगडावर कोरलेलं पाहिलं. बायकोने विचारलं तेव्हा म्हणाला, एका नावाची दहा माणसं असतात.

"मग आता कशाला आलास?" मी विचारलं.

"आता म्हणे कोणाला कसला धोका नाही. म्हटलं, जिवंत व्हावं. नातू शाळेत जायला लागला की ते नाव वाचेल. मला त्या दगडावरून उतरवा, एवढंच."

मी सोडलं नाही. "आणि ही बत्तीस वर्षं? एकदाही इकडे फिरकावंसं वाटलं नाही?"

"आलो होतो ना. सुटल्या सुटल्या. तू क्लुझला वसतिगृहात होतीस. आईने मागच्या दाराने आत घेतलं, कोंबडी कापली. अख्खी कोंबडी मी एकट्याने खाल्ली. मग ती म्हणाली, लिव्हियाची शेवटची परीक्षा आहे, महिन्याभरात नोकरी लागेल. म्हणाली, त्या पोरीला खोटं लिहिता येत नाही."

"मग?"

"मग काय. संध्याकाळची गाडी होती."

माझ्या परीक्षेचा आणि त्याच्या गाडीचा काय संबंध, ते त्याला धड सांगता येईना. नुसता पावाचे तुकडे गोळा करत बसला. मला फार राग आला. गेलेल्या आईवर सगळं ढकलून मोकळं व्हायचं, हे बरं आहे. खोटं लिहिता येत नाही, हे मात्र खरं. नोकरीत दरवर्षी घरच्यांची माहिती लिहून द्यावी लागे, भाऊ असल्यास तो कुठे, काय करतो, कधी शिक्षा झाली आहे का. "भाऊ: मयत" असं लिहिताना माझा हात कधी अडखळला नाही, कारण ते खरं होतं.

१३ ऑक्टोबर, रविवार

शेजारच्या इलोंकाताई, वय ऐंशी, हंगेरियन, नजर घारीची. त्याला अंगणात लाकडं फोडताना पाहिलं आणि कुंपणाला टेकून उभ्या राहिल्या.

"आलास का रे? पाय अजून तसाच फेंगडा टाकतोस."

तो म्हणाला, "आणि तुम्ही अजून तशाच कुंपणाला टेकता."

मी म्हटलं, "इलोंकाताई, तुम्हाला आश्चर्य नाही वाटत?"

"कसलं आश्चर्य? चौसष्ट साली भर आठवड्यात तुझ्या आईने कोंबडी कापली होती. घरी पाहुणा नाही, सण नाही. पिसं मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणते, कोल्ह्याने नेली. शिजवून नेली वाटतं, म्हटलं."

दोघं खूप हसले. मला तो विनोद कळला नाही.

१५ ऑक्टोबर

सेवेरला घेऊन पोम्पिल्यूंकडे गेले. पोम्पिल्यूंनी दार उघडलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि गळ्यात पडून लहान मुलासारखे रडले. छावणीत एकाच फळीवर झोपायचे दोघं. आलुबुखाराची दारू काढली. तासभर, कोण किती घोरायचा, कोणी कोणाचं पांघरूण पळवलं, हेच चाललं होतं. त्यांच्याकडे पाहून मलाही बरं वाटलं.

मग सेवेरने दगडाचं काढलं. पोम्पिल्यूंनी पेला खाली ठेवला.

"हे बघ, तू जिवंत आहेस याचा सगळ्यात जास्त आनंद मला आहे. बाई, तुमच्या खालोखाल म्हणा. पण दगड कोरून झालाय, पत्रिका गेल्या, बिशप येतायत. तीन तारीख जाऊ दे. मग मी स्वतः छिन्नी घेऊन ते नाव काढतो."

"त्याआधी काढलंस तर काय होईल?" सेवेर म्हणाला.

"काय होईल? जुन्या राजवटीची माणसं म्हणतील, एक खोटा निघाला तर बाकीचे दोघं कशावरून खरे? चाळीस वर्षं त्यांना तेच तर सिद्ध करायचंय, की काही झालंच नव्हतं. त्या दोघांच्या आया अजून आहेत, सेवेर. त्यांना काय सांगू?"

आम्ही पेले रिकामे करून उठलो. परत येताना सेवेर म्हणाला, "माणूस वाईट नाही गं. सदतीस वर्षं मेलोय, अजून पंधरा-वीस दिवसांनी काय बिघडतं?" मग जरा थांबून म्हणाला, "पण भाषण तू करणार आहेस. तू काय म्हणतेस?"

मी म्हटलं, बघते.

१९ ऑक्टोबर

इथे कोणी वाचणार नाही, तेव्हा लिहून टाकते. मला मेलेला सेवेर जास्त आवडायचा. तो एकवीस वर्षांचा, देखणा, शूर. त्याच्या नावाने माझ्याकडे लोक आदराने बघतात, निदान गेली सहा वर्षं तरी. त्याआधी त्याच्या नावाने मी खूप सोसलं, म्हणजे तो माझ्या कमाईचा आहे. हा म्हातारा चहा बशीत ओतून फुर्र करून पितो. तो माझा भाऊ आहे याबद्दल मला शंका नाही. पण मी मंचावर उभी राहून "हा बघा, हा जिवंत आहे" असं म्हटलं, की मी कोण उरते? एक निवृत्त शिक्षिका, जिचा भाऊ मासे विकतो.

त्याने न्हाणीघरातला नळ दुरुस्त केला. तीन वर्षं गळत होता.

२९ ऑक्टोबर

दिवसभर कोलिवा. गहू नऊ पाण्यांनी धुतला. सेवेरने अक्रोड फोडून दिले, एकही गर मोडला नाही. ताटात थापून वर पिठीसाखर पसरली आणि बडीशेपेच्या गोळ्यांनी तिघांच्या नावांची आद्याक्षरं काढायला घेतली. दोन काढली. तिसऱ्याला थांबले. तो समोरच बसला होता.

"काढ की," तो म्हणाला. "दगडावर आणि ताटात सारखं दिसायला हवं."

मी 'स' काढला. त्याने गोळ्या वेचून दिल्या.

३० ऑक्टोबर, बुधवार

झालं. बँड बरा वाजला. शाळेची मुलं रांगेने आणली होती. पूर्वीही अशीच आणत असू, फक्त आता मी रांगेबाहेर होते. मी भाषण केलं, लिहिलं होतं तसंच. "माझा भाऊ या भिंतीआड शेवटचं जेवला." तो चौथ्या रांगेत, रबरी बूट घालून उभा होता. मी त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही.

मग कोलिवाचं ताट उचलण्याची वेळ आली. चिरंतन स्मृतीचं स्तवन म्हणत ताट हळूहळू झुलवायचं. ज्याचा हात ताटापर्यंत पोचत नाही त्याने पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. मी आणि त्या दोन आया, अशा तिघींनी ताट धरलं. फादरांनी नावं घेतली. सेवेरचं नाव आलं तेव्हा माझ्या खांद्यावर मागून एक हात पडला. वळून बघायची गरज नव्हती. माशांचा वास आता मला सवयीचा झाला आहे. मी ताट झुलवत राहिले, तो हातही खांद्यावर तसाच झुलत राहिला.

नंतर वाटप झालं. त्यानेही कागदी पेल्यात कोलिवा घेतला, सगळे म्हणतात तसं "देव त्याला क्षमा करो" म्हणाला, आणि खाल्ला. वर म्हणतो, "आईपेक्षा चांगला झालाय."

मला लाज वाटली. इतकी लाज मला आजवर कधीच वाटली नव्हती. घरी येऊन मी भाषणाचे कागद चुलीत घातले, पण ते करून काय उपयोग, ते शहराने ऐकलं होतं.

३१ ऑक्टोबर

तो पहाटेच्या गाडीने गेला. रागावला नव्हता, म्हणून जास्तच वाईट वाटलं. मी म्हटलं, राहा अजून. म्हणाला, जाळी उन्हाळ्यापासून फाटलेली आहेत. दुकानाचा फोन नंबर सांगून गेला, "पण बायकोपाशी जपून बोल, तिला यातलं काही ठाऊक नाही."

स्टेशनवरून चालत आले. दिवसभर घर फार शांत होतं, नळसुद्धा गळत नव्हता. आई असती तर तिने त्याला असं जाऊ दिलं नसतं.

२ नोव्हेंबर, शनिवार

पितरांचा शनिवार. चर्च भरलं होतं, प्रत्येकीच्या हातात कोलिवाचं ताट. उद्या मतदान, त्यामुळे पोम्पिल्यू पहिल्या रांगेत, सहकुटुंब.

फादर वालेर एकेकीपाशी थांबून नावं विचारत होते. आधी जिवंतांची, मग मृतांची. माझ्यापाशी आले आणि स्वतःच म्हणाले, "मृतांत आई, वडील, आणि सेवेर. बरोबर ना, बाई?"

"आई आणि वडील. सेवेर जिवंतांत."

त्यांना वाटलं माझा गोंधळ झाला. वाकून हळू म्हणाले, "बाई, परवाच तर आपण..."

"परवा चुकलं, फादर. ताट मीच धरलं होतं, तेव्हा चूकही माझी. सेवेर मियोक. डॅन्यूबच्या मुखापाशी राहतो, मासे धरतो, बुधवारी तो आपल्यातच उभा होता. त्याला जिवंतांत घ्या."

वर्गात तीसेक वर्षं शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवायची सवय. सगळ्या चर्चला ऐकू गेलं. बायकांची कुजबुज सुरू झाली. त्या दोन आया माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्यातली मोठी हळूहळू चालत आली, मी मनाची तयारी केली. तिने माझा हात धरला आणि विचारलं, "बरा आहे ना तो? खातो-पितो ना नीट?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "मग झालं," आणि जागेवर जाऊन बसली.

पोम्पिल्यू खाली फरशीकडे बघत होते. मग त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली. फादरांनी जिवंतांची नावं वाचली, त्यात सेवेरचं वाचलं. देवाने ऐकलं की नाही माहीत नाही, मतदारांनी ऐकलं.

३ नोव्हेंबर, रविवार

मतदान करून आले आणि तडक टपाल कचेरीत गेले. फोन लागायला बराच वेळ गेला. वाटेत ठरवलं होतं की जपून वगैरे काही बोलायचं नाही. जपून बोलण्यात आमचं एक आयुष्य गेलं.

"हं, कोण?" बाईचा आवाज, दुकानदारणीचा, घाईचा.

"पारास्किवा का? सेवेर आहेत?"

"नदीवर गेलेत. कोण बोलतंय?"

"त्यांची बहीण."

पलीकडे काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग ती म्हणाली, "अहो बाई, थट्टा करायला हेच सापडलं का तुम्हाला? त्यांची बहीण आमच्या लग्नाआधीच वारली. कालच तिच्या नावाचा कोलिवा वाटला मी. दरवर्षी वाटते."

"काय नाव तिचं?"

"लिव्हिया. शिकत होती बिचारी, शेवटच्या परीक्षेआधी गेली. एवढंच सांगितलंय त्यांनी. फार विचारलं की उठून बाहेर जातात."

मला वाटलं होतं मी रडेन, किंवा भांडेन. मी हसायला लागले. काउंटरवरची मुलगी काचेआडून बघायला लागली तरी थांबेना. मग डोळे पुसले आणि म्हटलं, "परीक्षा पास झाले मी. शिकवायलाही लागले. त्याचा आणि माझा, दोघांचाही कोलिवा आता बंद करू या. ख्रिसमसला आले तर चालेल का तुम्हाला? मला मासे फारसे आवडत नाहीत, पण खाईन."

तिकडे दुकानात कोणीतरी पाव मागत होतं, तिने त्याला थांब म्हटलं. मग ती पुन्हा फोनवर आली. तिचा आवाज बदलला होता.

"वन्सं," ती म्हणाली, "तुलचा बंदरातून आमच्याकडची बोट दुपारी दीडलाच सुटते हं. ती चुकवू नका, नंतरची नाही."